एकाच किटलीतला चहा

चहातील कॅफीन उत्तेजक असते, हे आपण जाणताच. परंतु एकाच किटलीतल्या चहाचा अंमल नवरा-बायकोवर सारखाच टिकेल, असे नाही. रक्तातले कॅफीन यकृतातील एका विकरामुळे साधारण ५ तासांत निम्म्यावर येते. संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीत त्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. गरोदरपणाच्या अखेरीस तर १५ तासही! म्हणजे सकाळी ७ च्या कपातले अर्धे कॅफीन रात्री १० वाजताही अंगात. वारेतून ते गर्भालाही पोहोचते, आणि ते विकर गर्भापाशी जवळजवळ नसतेच. विडी-सिगारेट ओढणाऱ्या नवऱ्याच्या शरीरातून मात्र ते झटपट जाते. त्याच्या ‘मला कुठे काय होते?’ला म्हणूनच अर्थ नाही. दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन घेणाऱ्या गर्भवतींनी ते कमी करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले.