अंग तापलेलं, हातपाय गार

जंतुसंसर्ग रक्तात भिनला की मुलाच्या शरीरात पहिली धावपळ स्वायत्त मज्जासंस्थेची. नाडी, श्वास, घाम, रक्तदाब आपल्या नकळत सांभाळणारी हीच. लहान मुलाचं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू शकत नाही, म्हणून ते ठोकेच वाढवतं. त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळून रक्त मेंदूकडे, हृदयाकडे वळवलं जातं. रक्तदाब मात्र बराच वेळ टिकून राहतो आणि भल्याभल्यांना फसवतो. तो कोसळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

नवजात बाळाचं तंत्र वेगळंच. ताप चढण्याऐवजी अंग थंड पडू शकतं, श्वास मध्येच थांबतो, ठोक्यांमधला नैसर्गिक चढउतार मावळतो. १९९०च्या दशकात गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या आरोग्यदूतांनी प्रयोगशाळेशिवाय, क्षीण रडणं, मंदावलेलं दूध ओढणं अशा खुणांवरून जंतुदोष ओळखला, घरीच जेंटामायसिन दिलं, नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले.

गाव कुठलंही असो, त्वचेतलं रक्त आटलंय का हे पाहायची तपासणी सोपी आहे: छातीच्या मध्यावर ५ सेकंद बोट दाबून सोडा. रंग परतायला ३ सेकंदांहून जास्त लागले, किंवा पॅरासिटामॉलने ताप उतरूनही नाडी धावतच असली, तर लगेच १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.