पाण्यातली फुलं (लेखांक ५) : मखाण्याचं मिटलेलं फूल

उपासाला तुपात परतून खातो ते मखाणे कमळाचं बी असतं, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. मखाणा हे युरिएल फेरॉक्स या काटेरी पाणवनस्पतीचं बी, आणि ही वनस्पती कुमुदिनीच्या कुळातली. गेल्या आठवड्यातल्या व्हॅलिसनेरियाची नरफुलं देठापासून सुटून मादीफुलाच्या शोधात पाण्यावर तरंगत निघतात. मखाण्याच्या बहुतेक फुलांना असली यातायात मंजूर नाही.

बिहारात दरभंगा, मधुबनी, पूर्णिया या भागांतल्या तळ्यांत मखाण्याची लागवड होते. झाडाचं खोड तळाच्या गाळात. तिथूनच एकेक कळी लांब काटेरी देठावर वर सरकते. बाहेरची चार हिरवी निदलंही काटेरीच, त्यांच्या आत जांभळ्या पाकळ्या, मग पुंकेसरांची गर्दी आणि मधोमध कुक्षीची खोलगट तबकडी. काही कळ्या पाण्याबाहेर येऊन उमलतात. मध्ये स्वतःचंच पान आडवं आलं तर तेही फाडून वर येतात! पण पुष्कळशा कळ्या पाण्याखालीच राहतात आणि कधीच उमलत नाहीत.

त्या वाया जात नाहीत. बहुतेक सपुष्प वनस्पतींचे परागकण पाण्यात भिजले की फुटतात. मिटलेल्या फुलात हा धोका टळतो. परागकोश आतल्या आत फुटतात, पराग शेजारच्याच कुक्षीवर पडतात आणि बीजधारणा होते. वनस्पतिशास्त्रात याला क्लिस्टोगॅमी म्हणतात. फुलायचं नाही, कीटकांना बोलवायचं नाही, त्यामुळे मध आणि सुगंध यांवरचा खर्चही नाही. मखाण्याचं बहुतेक बी या मिटलेल्या फुलांतूनच येतं.

गंमत म्हणजे मखाण्याची सख्खी नातलग, ॲमेझॉनची व्हिक्टोरिया, अगदी दुसऱ्या टोकाला. तिचं फूल पहिल्या रात्री पांढरं, सुगंधी, चक्क उबदार असतं आणि त्या वेळी फक्त मादीची भूमिका करतं. आत शिरलेले भुंगेरे दिवसभर कोंडले जातात. दुसऱ्या रात्री फूल गुलाबी होतं, पराग सोडतं आणि परागांनी माखलेले भुंगेरे बाहेर पडतात. स्वपरागण टाळण्यासाठी केवढा हा खटाटोप! मला तरी मखाण्याची काटकसर जास्त हुशारीची वाटते. मखाणा वर्षायू आहे. दरवर्षी बियांपासून नवं झाड उभं राहायचं, तर कीटकांच्या भरवशावर बसून कसं चालेल?

याची किंमत मात्र आहे. पिढ्यान् पिढ्या स्वतःचेच पराग वापरले की वाणातली विविधता घटते आणि नवा रोग आला तर सगळं पीक एकदम सापडू शकतं. पाण्यावर उमलणाऱ्या थोड्या फुलांमुळे संकराची वाट अगदीच बंद झालेली नाही, एवढंच.

शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिलं तर याच सवयीचा फायदा होतो. चांगलं झाड निवडून त्याचं बी वेगळं वाढवलं, तर पुढची पिढी बव्हंशी त्याच्यासारखीच निघते. दरभंग्याच्या मखाणा संशोधन केंद्राने ‘स्वर्ण वैदेही’ हा वाण अशाच शुद्ध वंश निवडीतून तयार केला.

पुढच्या आठवड्यात सह्याद्रीतल्या नद्यांच्या खडकांना चिकटून वाढणाऱ्या पोडोस्टेमेसी कुळाकडे वळू. त्यांच्या कळ्या पाण्याखाली तयार होतात आणि पावसाळ्यानंतर पाणी ओसरलं की उमलतात.