भरतीचा हिशेब आणि वाढती लेक

घाटावरून कोकणात येणाऱ्या पाहुण्यांना समुद्राचे मोठे अप्रूप असते. दोन दिवस किनाऱ्यावर हिंडतात, शंखशिंपले गोळा करतात आणि निघताना म्हणतात, "तुमची मुले भाग्यवान. रोज समुद्र पाहायला मिळतो!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण समुद्राकाठी मूल वाढवणे म्हणजे काय, ते दोन दिवसांत कळत नाही. देशावरच्या मायबहिणी ज्या काळजीने मुलाला विहिरीच्या काठावरून मागे ओढतात, बैलाच्या शिंगांपासून दूर ठेवतात, वीजपंपाच्या पेटीला हात लावू देत नाहीत, तीच काळजी आम्हालाही असते. फरक इतकाच की विहीर आपल्या जागेवर राहते. आमचे पाणी दिवसातून दोनदा जवळ येते आणि दोनदा दूर जाते.

आम्ही दापोली तालुक्यातली खाडीकाठची शेतकरी माणसे. एकरभर खाजण, म्हणजे खाडीलगतची खारजमीन, घरामागे नारळ-सुपारीची लहानशी वाडी आणि दोन म्हशी, एवढा आमचा पसारा. घरात सासूसासरे, आम्ही दोघे आणि नववीत शिकणारी लेक. तिला वाढवताना जे शिकवावे लागले आणि तिच्याकडून जे शिकायला मिळाले, ते इतर शेतकरी घरांनाही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून लिहिते.

वयागणिक पाणी

आमच्याकडे मुलाचे वय पाण्याने मोजले जाते. पाच वर्षांच्या पोराने आजीचा हात धरून घोट्याइतक्या पाण्यात उभे राहायचे. सात-आठ वर्षांच्या पोराने कमरेला सुक्या नारळांची जोडी बांधून खाडीत पोहायला शिकायचे. तेही भरती पुरी भरून पाणी थांबलेले असेल तेव्हाच आणि घरचे मोठे माणूस पाण्यात असेल तरच. दहाव्या-अकराव्या वर्षी बायकांबरोबर ओहोटीला तिसऱ्या आणि कालवे काढायला जायचे. आमची लेक याच क्रमाने पुढे गेली. आधीची इयत्ता पास झाल्याशिवाय पुढची नाही, हा सासूबाईंचा नियम.

एक गोष्ट मात्र कुठल्याही वयाला माफ नाही. ओहोटी लागल्यावर समुद्रात पोहायला उतरायचे नाही. पाणी वरून शांत दिसते, पण ते बाहेर जात असते आणि माणसालाही बाहेर नेते. पावसाळ्यात तर किनाऱ्यावरच थांबायचे. सुट्टीत मुलाबाळांना घेऊन समुद्रावर जाणाऱ्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. उतरण्यापूर्वी गावातल्या माणसाला विचारावे. कधी ओढीत सापडलोच तर किनाऱ्याकडे तोंड करून पाण्याशी झटू नये, त्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत ओढीतून बाहेर पडावे आणि मग काठाकडे वळावे. लेकीला हे तिच्या बाबांनी पोहायला शिकवतानाच सांगितले. काठावर उभे राहून तिच्याकडून तीनदा वदवूनही घेतले.

पाऊणकीचा पाढा

जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. आता ती पद्धत राहिली नाही. पण आमच्या सासऱ्यांनी नातीकडून पाऊणकी घोटून घेतली, कारण भरतीचा सगळा हिशेब तिच्यात आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता भरती पुरी भरते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसात. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. दिवसाची भरती काढली की साधारण साडेबारा तासांनी दुसरी. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पाणी तळाला जाते. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धापाऊण तास मागेपुढे होतो, पण आमच्या किनाऱ्यावरच्या कामाला पुरतो.

या हिशेबामागे चंद्र आहे. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून भरतीही रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते आणि पाणी फार चढते, तसेच फार उतरतेही. त्याला आम्ही उधाण म्हणतो. अष्टमीच्या आसपास पाणी मध्यम राहते, ती भांगाची भरती.

घरात मोबाइल आहे. त्यावर भरतीच्या वेळा मिनिटांसकट दिसतात. मग पाढा कशाला, असे लेकीने एकदा विचारले. आजोबा म्हणाले, "फोन घरी राहतो गो, पाढा डोक्यात राहतो." त्याचा प्रत्यय गेल्या मे महिन्यात आला. मुंबईहून आलेली चुलत भावंडे दुपारी बाराच्या सुमारास पुढच्या खडकावर जायला निघाली. लेकीने त्यांना अडवले. "आज षष्ठी. साडेचारला भरती भरणार, सुकती सव्वादहालाच होऊन गेली. आता खडकामागचा चर भरायला लागला असेल. जाल कोरडे आणि याल पोहत." भावंडे रुसली. तासाभराने त्याच चरात कंबरभर पाणी खळखळताना त्यांनी पाहिले आणि रुसवा गेला. आपले मूल मोठे झाले हे आईला वाढदिवसाच्या दिवशी कळतेच असे नाही. मला ते त्या दुपारी कळले.

खेकड्याचे बीळ

खारजमिनीची शेती देशावरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. खाडीच्या बाजूला चिखलमातीचा आणि दगडाचा बांध असतो. बांधात पाणी बाहेर सोडायला उघाडी ठेवलेली असते. भरती चढली की पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप आपोआप मिटते आणि खारे पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि शेतातले जादा पाणी खाडीत जाते. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा मिठाचा थर येतो. पावसाळ्यात तो गोड्या पाण्याने धुऊन काढायचा. सुरुवातीचे पाऊस शेतात साठवायचे, चिखलणी करायची, खारट झालेले पाणी ओहोटीला सोडून द्यायचे आणि पुन्हा भरायचे. मग लावणी. रोप लहान असताना आणि भात फुलोऱ्यावर असताना त्याला मीठ सोसत नाही, म्हणून त्या दिवसांत शेतात गोडे पाणी उभे राहील याची काळजी घ्यावी लागते. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल १, २ आणि ३ या भाताच्या जाती असल्या जमिनीत तग धरतात.

या सगळ्याचा जीव बांधात, आणि बांधाचा वैरी म्हणजे खेकडा. खेकड्याने बोटभर बीळ केले की उधाणाचे पाणी त्यातून झिरपते. चार भरत्यांत बीळ मनगटाएवढे होते आणि एखाद्या रात्री बांधाला खांड पडते. एकदा खारे पाणी शेतात पसरले की त्या वर्षाचे पीक तर जातेच, पण मीठ उतरायला पुढचे दोन-तीन पावसाळेही लागतात. म्हणून उधाणाच्या आधी बांधावरून फिरून बिळे शोधायची आणि ओहोटीला ओला चिखल ठासून ती बुजवायची. हे काम बाराव्या वर्षापासून लेकीकडे आहे. तिने त्यासाठी एक वही केली आहे. कुठल्या तिथीला, उघाडीपासून किती पावलांवर, केवढे बीळ, कोणी बुजवले, सगळे लिहिते. सुरुवातीला तिच्या बाबांना हा पोरखेळ वाटला. दोन वर्षांच्या नोंदी झाल्यावर दिसले की बहुतेक बिळे एकाच वीस-पंचवीस पावलांच्या पट्ट्यात पडतात. तेथे बांधाची माती भुसभुशीत होती. गेल्या उन्हाळ्यात तो पट्टा उकरून चांगली चिकणमाती भरली आणि बाहेरून दगड लावले. यंदा तेथे तीनच बिळे निघाली.

शेजारच्या खाजणाची गोष्ट वेगळी झाली. तेथल्या घरांतली कर्ती माणसे मुंबईला. खांड पडली ती एक वर्ष राहिली, दुसरे वर्ष राहिली. भरतीबरोबर तिवराचे बी आत आले आणि पाच-सहा वर्षांत भाताच्या शेतात तिवरांचे रान माजले. आता ते तोडताही येत नाही. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यात कांदळवनाच्या तोडीला बंदी घातली, आणि ती योग्यच आहे. बांधाच्या बाहेर उभी असलेली तिवरेच लाटांचा मारा अंगावर घेतात, त्यांच्या मुळांत मासळीची पिल्ले वाढतात. तिवर वाईट नव्हे. पण ज्या शेताचा बांध धरायला माणूस नाही, ते शेत समुद्र परत नेतो, एवढे खरे.

वादळानंतरची रोपे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा लेक नऊ वर्षांची होती. रायगडचा दक्षिण भाग, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या वाड्या त्या दिवशी झोपल्या. आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या, नारळ मुळासकट आडवे झाले, घराचे कौल उडाले. सासरे दोन दिवस वाडीत फिरकले नाहीत. त्यांच्या वडिलांनी लावलेली झाडे होती ती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेले आणि उरल्यासुरल्या झाडांनाही हिसका बसला.

त्याच पावसाळ्यात आम्ही सुपारीची नवी रोपे लावली. कोवळ्या सुपारीला ऊन सोसत नाही, म्हणून मध्ये सावलीला केळी लावल्या. लेकीने स्वतःच्या हाताने सात रोपे लावली. सुपारी धरायला पाच-सहा वर्षे लागतात हे ऐकून ती म्हणाली, "तोवर मी मोठी होईन!" सासऱ्यांनी तेव्हा पहिल्यांदा वादळानंतर हसून उत्तर दिले, "म्हणून तर लावायची." सातांतली दोन मेली. पाच तिच्यापेक्षा उंच झाली आहेत आणि त्यांतल्या एकीला यंदा पहिला फुलोरा आला.

जाण्याची गोष्ट

मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी २००२ सालापासून सागरी कासवांची घरटी राखली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर हे काम सुरू केले. कासवीण रात्री वाळूत शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले निघतात आणि आपली आपण पाण्याकडे चालू लागतात. लेकीला ती पाहायला नेले होते. आमच्याकडे समजूत आहे की मादी जन्मल्या किनाऱ्यावरच अंडी घालायला परत येते, आणि पुष्कळदा तसे होतेही. पण ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खुणेचा बिल्ला लावलेली एक कासवीण २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. लेकीने ही बातमी मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाई ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तिला जिथे बरे वाटले तिथे ती गेली. किनारा मिळाला म्हणजे झाले."

हे बोलणे कासवापुरते नव्हते, ते घरात सगळ्यांना कळले. लेकीच्या मनात दहावी-बारावीनंतर रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जायचे आहे. निमखाऱ्या पाण्यातली कोळंबी आणि मासे, खाजणातली भातशेती, यांचा मेळ कसा घालावा हे तिला शिकायचे आहे. मला आनंद आहे. पण एका रात्री भाकऱ्या थापताना तिने विचारले, "आई, मी गेले तर बांधाकडे कोण बघणार?"

चौदा वर्षांच्या मुलीने हा प्रश्न विचारावा याचे कौतुक वाटले आणि वाईटही वाटले. शेतीचे ओझे लेकरांच्या पायात अडकवून त्यांना घरी बांधून ठेवणे बरे नव्हे. तसेच, जा बाई, इथे काही उरले नाही, असे म्हणून त्यांना हाकलणेही बरे नव्हे. पुष्कळ घरांत या दोहोंपैकी एक होते. तिचे बाबा पडवीतून म्हणाले, "बांध तुझ्या एकटीचा नाही, गावकीचा आहे. गावकीने बघायला हवे."

नुसते बोलून ते थांबले नाहीत. शिमग्याला मुंबईकर गावी आले तेव्हा त्यांनी बैठकीत विषय काढला आणि शेजारच्या खाजणाकडे बोट दाखवले. ठरले ते असे: ज्याचे खाजणात शेत आहे त्या प्रत्येक घराने मे महिन्यात दोन दिवस एक माणूस बांधाच्या कामाला द्यायचा. ज्यांना जमणार नाही त्यांनी दोन दिवसांची मजुरी द्यायची. उघाडीची झडप दरवर्षी पावसाआधी तपासायची. खर्चाचा हिशेब देवळात लावायचा. पहिल्या वर्षी अकरांपैकी आठ घरांनी पाळले. तीन घरांकडे अजून मागणे चालू आहे.

बिळांची वही पुढच्या वर्षी शेजारच्या सहावीतल्या मुलाकडे द्यायची आहे. लेकीला दहावीचा अभ्यास आहे. तिने त्याला दोन उधाणे बांधावरून फिरवले, चिखल कसा ठासायचा ते दाखवले. पण वही अजून दिलेली नाही. पाऊणकी नवाच्या पुढे चुकते म्हणून तिने त्याला परत पाठवले आहे. रोज संध्याकाळी तो आमच्या पडवीत आजोबांसमोर बसून पाढा म्हणतो.