गाणे थांबते तेव्हा

डीजेच्या कामाची एक विलक्षण गोष्ट अशी, की ते उत्तम चालले असेल तर कोणाच्या लक्षातच येत नाही. एक गाणे संपून दुसरे केव्हा सुरू झाले हे नाचणाऱ्यांना कळू नये, यातच त्याचे कौशल्य. मात्र दोन गाण्यांच्या मध्ये तीन सेकंदांची शांतता पडली, की सभागृहातल्या साऱ्या माना एकदम मंचाकडे वळतात. पेढीवरच्या तराजूचेही असेच असते. वर्षभर तो खरा तोलतो तेव्हा त्याचे नाव कोणी काढत नाही. एक दिवस काटा अडकला, की गिऱ्हाईक मालाऐवजी पारड्याकडे पाहू लागते.

आपल्याकडे ‘डीजे’ हा शब्द माणसापेक्षा ध्वनिक्षेपकांच्या भिंतीलाच अधिक चिकटला आहे. मिरवणुकीत ‘डीजे आला’ म्हणतात तेव्हा ट्रकवर रचलेले कर्णे आले एवढाच अर्थ असतो. मूळ शब्द माणसाचा आहे. तबकड्या निवडून, त्यांचा क्रम लावून, समोरच्या समुदायाचा कल ओळखून त्या वाजवणारा तो डीजे. अलीकडे व्यापारी घरांतली काही मुलेही हौसेने ही कला शिकतात, आणि एखाद्या मावसभावाच्या संगीत संध्येत प्रथमच चारचौघांसमोर उभी राहतात. त्या वेळी त्यांच्या हाताला सुटणारा कंप घरच्यांना पोरकट वाटतो. वास्तविक या कलेच्या आद्य पुरुषांनाही तो चुकला नव्हता.

आज जिला हिप-हॉप म्हणतात त्या परंपरेचा आरंभ न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला असे मानतात. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक मेजवानी भरवली. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते आणि त्यासाठी पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असा प्रवेशदर ठेवण्यात आला. तबकड्या वाजवण्याचे काम तिच्या भावाकडे, क्लाइव्ह कॅम्पबेलकडे आले. हाच पुढे डीजे कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झाला. गाण्यातील ज्या तुकड्यात गायन थांबून केवळ ताल उरतो, त्या तुकड्यावर मंडळी अधिक रंगात येऊन नाचतात, हे त्याने हेरले होते. म्हणून तो दोन तबकड्यांवरून तेच तुकडे एकामागून एक लांबवत असे. व्यवहाराच्या नजरेने पाहिले तर गिऱ्हाईक कोणत्या मालाशी रेंगाळते ते पाहून तोच माल पुढे मांडण्याचा हा प्रकार.

हर्कला मान्यता चटकन मिळाली. त्याच्या मागून आलेल्या एका मुलाची कहाणी वेगळी आहे. जोसेफ सॅडलर याचा जन्म १९५८ चा, बार्बाडोस बेटावरचा. तो वाढला ब्राँक्समध्ये. वडिलांच्या तबकड्यांना हात लावला म्हणून त्याने लहानपणी मार खाल्ला होता. पुढे तो व्यवसाय-शिक्षणाच्या शाळेत विजेच्या उपकरणांचे काम शिकला. हर्कच्या पद्धतीत एका तुकड्याहून दुसऱ्यावर जाताना ताल थोडा घसरतो, ही गोष्ट त्याला खुपे. त्याने तबकडीवर खडूने खुणा करून हवा तो तुकडा घड्याळाच्या काट्याप्रमाणे अचूक शोधण्याची रीत बसवली. पुढची तबकडी लोकांना ऐकू जाण्यापूर्वी आपल्याला कर्णयंत्रात ऐकता यावी, म्हणून स्वतः एक कळ जोडून घेतली. सुई तबकडीच्या कडेपासून अलगद उतरवावी हा त्या काळचा शिष्टाचार. हा मुलगा थेट तबकडीवर बोटे टेकवून ती मागे-पुढे फिरवी. या साऱ्याची तयारी त्याने खोलीत बसून दीर्घकाळ केली.

मग १९७५ च्या सुमारास तो उद्यानात, मोकळ्या समुदायापुढे उभा राहिला. सारे त्याने ठरवल्याप्रमाणे घडले. एकही ठोका चुकला नाही. आणि लोक नाचेनात. ते जागच्या जागी उभे राहून त्याच्या हातांकडे पाहत राहिले, जणू एखादे व्याख्यान चालले आहे. त्याला जल्लोष अपेक्षित होता. मिळाली ती स्तब्धता. घरी जाऊन आपण रडलो, हे त्याने पुढे मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितले आहे.

या प्रसंगाकडे थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. यंत्र बिघडले असते तर दोष यंत्रावर टाकता आला असता. येथे माल अस्सल होता, मांडणी निर्दोष होती, आणि तरीही बाजार उठला नाही. मंचावर उभ्या राहणाऱ्या कोणालाही सर्वांत अधिक भय वाटते ते याचेच. सॅडलरने त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र रडक्या मुलाचा नव्हता. लोक पाहत राहिले याचा अर्थ त्यांना काय करावे हे कळले नाही. तेव्हा त्यांना हाक देणारा कोणीतरी हवा. त्याने ध्वनिवर्धक हाती धरून बोलणारे सोबती जोडले. ते समुदायाला साद घालत, प्रतिसाद मागत, तालावर शब्द रचत. ग्रँडमास्टर फ्लॅश या नावाने तो आणि त्याचे ‘फ्युरियस फाइव्ह’ जगभर गाजले. २०१९ साली स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार त्याला देण्यात आला.

आता त्या कंपाविषयी. समुदायापुढे उभे राहताच शरीर ॲड्रेनलिन सोडते. हृदय वेगाने धडधडू लागते, तळवे थंड पडतात, बोटे थरथरतात. भाषण करणाऱ्याला हे एक वेळ लपवता येते. डीजेचे सारे काम मात्र बोटांच्या टोकांवर चालते. एक पट्टी केसभर अधिक सरकली तर दोन गाणी एकमेकांवर आदळतात. धडधडणाऱ्या छातीने ऐकलेले गाणे उगाच संथ भासते आणि नवखा मुलगा त्याचा वेग वाढवत नेतो, असेही जाणकार सांगतात.

‘शांत हो, घाबरू नकोस’ हा वडीलधाऱ्यांचा नेहमीचा उपदेश. तो कितपत उपयोगी पडतो याविषयी शंका घेण्यास जागा आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात लोकांना अनोळखी माणसांपुढे गाणे म्हणावयास लावले होते. गाण्यापूर्वी काहींनी ‘मी घाबरलो आहे’ असे म्हणायचे होते, काहींनी ‘मी उत्साहात आहे’ असे, आणि काहींनी काहीच नाही. संगणकाने सूर, ताल आणि आवाज तपासून गुण दिले, तेव्हा उत्साहाचे नाव घेणारे सर्वांत वर आले आणि भीतीचे नाव घेणारे सर्वांत खाली. धडधड दोन्हीकडे तीच असते. तिला नाव कोणते द्यायचे एवढेच माणसाच्या हाती. धावत्या घोड्याला एकदम थांबवण्यापेक्षा त्याची दिशा बदलणे सोपे.

दुसरा एक प्रयोग या मुलांना सांगण्यासारखा आहे. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना संकोच वाटेल असे चित्र असलेला सदरा घालून इतरांच्या खोलीत पाठवले. निम्म्या लोकांनी तरी हे चित्र पाहिले असेल, असा विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे चौथ्या हिश्श्याच्याच ध्यानात ते आले होते. आपली चूक सर्वांना दिसली, हा समज बहुधा दुप्पट फुगवलेला असतो.

तरीही काही चुका खरोखरच साऱ्यांना ऐकू जातात, आणि त्यांतल्या पुष्कळांचे मूळ भीतीत नसून पदार्थविज्ञानात असते. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मोठ्या लॉनवर मुख्य कर्णे मंचापासून ३४ मीटर दूर असतील, तर त्यांचा आवाज डीजेपर्यंत सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा पोहोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधले अंतर अर्ध्या सेकंदाचे. म्हणजे त्याला दूरच्या कर्ण्यांतून जे ऐकू येते ते ठोक्याच्या पाचव्या हिश्श्याने मागे आहे. त्याच्याशी कर्णयंत्रातले नवे गाणे त्याने प्रामाणिकपणे जुळवले, तर लोकांना ते विस्कटलेलेच ऐकू येणार. याकरिता डीजेच्या शेजारी स्वतंत्र मॉनिटर लागतो. मंडप सजवणारे तो बहुधा फुलांच्या आड नेऊन ठेवतात.

तबकड्यांच्या काळात याहून वेगळे संकट होते. लाकडी फरशीवर मंडळी उड्या मारू लागली की सुई उडे, आणि खर्जाचा आवाज टेबलातून सुईत शिरून पुन्हा कर्ण्यांतून बाहेर पडत एक घुमणारा हुंकार उठे. टेबलाखाली फरशीचे जड दगड ठेवणे हा त्यावरचा उपाय. आता गाणी पेन ड्राइव्हवर आली. सुई उडण्याची चिंता गेली, परंतु वाजत्या यंत्राचा पेन ड्राइव्ह घाईत उपसून काढण्याची चूक जन्माला आली. ती इतकी सार्वत्रिक ठरली, की पेन ड्राइव्ह अचानक निघाला तरी शेवटचे काही ठोके पुनःपुन्हा वाजत राहतील, अशी सोय उत्पादकांनी यंत्रातच करून ठेवली.

नामवंतांचीही यातून सुटका नाही. कॅनडाची गायिका ग्राइम्स १३ एप्रिल २०२४ रोजी कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवात डीजे म्हणून उभी राहिली. गाण्यांचे वेग यंत्रात दुप्पट नोंदले गेलेले दिसत होते. संगणकाला ठोके मोजताना ८५ चे १७० वाटणे ही तशी परिचित चूक. हजारो लोकांसमोर तिला मनातल्या मनात भागाकार जमेना. वैतागून ती किंचाळलीही. त्या कार्यक्रमाची ध्वनिचित्रे रातोरात जगभर फिरली. दुसऱ्या दिवशी तिने जाहीर क्षमा मागितली. वेळ वाचवण्यासाठी गाण्यांची जुळवाजुळव आपण दुसऱ्यांवर सोपवली होती, यापुढे ती स्वतः करू, असे तिने लिहिले. पुढच्या शनिवारी त्याच महोत्सवात ती पुन्हा उभी राहिली आणि कार्यक्रम सुरळीत पार पडला. मुनीमावर विसंबून रोजमेळ न पाहणाऱ्या शेठजींना यातले मर्म निराळे सांगायला नको.

आणि कधी कधी आपला काडीचाही दोष नसताना माणूस स्वतःला अपराधी समजतो. १३ जुलै १९७७ च्या रात्री ब्राँक्समधील एका उद्यानात ग्रँडमास्टर कॅझ आणि डिस्को विझ हे दोन तरुण रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज घेऊन तबकड्या वाजवत होते. साडेनऊच्या सुमारास तबकडी मंदावत मंदावत थांबली. आपणच काहीतरी जाळून ठेवले, या विचाराने दोघे हादरले. मग रस्त्यावरचे दिवे एकामागून एक विझू लागले आणि काही वेळाने कळले, की जवळजवळ सारे न्यूयॉर्क अंधारात बुडाले आहे. वीजवाहिन्यांवर विजा कोसळल्या होत्या. पुरवठा पूर्ववत होण्यास सुमारे पंचवीस तास लागले.

आपल्याकडील लग्नात वीज जाते तेव्हा एवढे नाट्य नसते. जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही क्षण, आणि त्यानंतर यंत्रे पुन्हा जागी होईपर्यंतचा तो लांबलेला अवधी. हा दुसरा अवधी नवख्याला माहीत नसतो. दिवे आले तरी गाणे का नाही, म्हणून काका मंडळी हात हलवू लागतात. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप आणि एक लहानसा यूपीएस एवढ्याने हा प्रसंग टळतो. पण पाच लाखांच्या रोषणाईच्या अंदाजपत्रकात यूपीएसची ओळ क्वचितच असते. बाहेरगावच्या डीजेला आणखी एक धक्का बसतो. चौविहाराची पंगत चालू असेपर्यंत सभागृह रिकामे राहते, आणि आपलेच काही चुकले या समजुतीने तो आपली निवडक गाणी रिकाम्या खुर्च्यांपुढे उधळून बसतो. पुढे मंडळी येतात तेव्हा त्याच्याकडे उरलेले असते ते दुय्यम. त्यातच कोणी मामा चालू गाण्याच्या मध्येच खांद्यावर हात ठेवून आपल्या आवडीचे जुने गीत मागतात. त्यांना ‘होय मामा, हे झाले की लगेच’ म्हणून प्रत्यक्षात दोन गाण्यांनंतर ते लावणे, ही या व्यवसायातली मोठीच विद्या. खुल्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. तेव्हा मामांचे गीत पावणेदहाच्या आत बसवावे लागते, हे वेगळेच गणित.

व्यत्ययातून काही नवे सापडल्याचे उदाहरणही याच ब्राँक्समधले आहे. १९७५ च्या सुमारास थिओडोर लिव्हिंगस्टन हा बारा वर्षांचा मुलगा आपल्या खोलीत मोठ्या आवाजात तबकडी वाजवत होता. आई रागावून दाराशी आली. तिचे बोलणे ऐकावे म्हणून त्याने फिरती तबकडी हाताने थोपवून धरली आणि नकळत ती पुढे-मागे हलवत राहिला. कर्णयंत्रातून एक खरखरीत, तालबद्ध आवाज त्याच्या कानी पडला. ‘स्क्रॅच’ या नावाने आज जगभर ओळखले जाणारे तंत्र ते हेच. परंतु तो मुलगा दुसऱ्याच दिवशी लोकांपुढे धावला नाही. ती हालचाल वेगवेगळ्या तबकड्यांवर बसेपर्यंत तो कित्येक महिने घरीच सराव करत राहिला, आणि मगच त्याने ती भर समुदायात प्रथम ऐकवली.