जॉर्ज रॉजर्स क्लार्क : सरहद्दीवरचा सेनानी

जन्म 19 नोव्हेंबर 1752, व्हर्जिनिया. मूळ पेशा जमीन मोजणीचा. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात (1775–83) ओहायो नदीपलीकडच्या मोहिमांचा प्रमुख.

सरहद्द म्हणजे : अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पश्चिमेचा मुलूख. वस्ती शॉनी, मायामी आदी मूलनिवासी जमातींची आणि जुन्या फ्रेंच वसाहतकारांची. ब्रिटिशांचे मुख्य ठाणे डेट्रॉइट.

4 जुलै 1778 : रात्रीच्या अंधारात ब्रिटिशांकडची कास्कास्किया वस्ती क्लार्कच्या ताब्यात. एकही गोळी झाडावी लागली नाही.

व्हिन्सेन्स, फेब्रुवारी 1779 : क्लार्कच्या बाजूला आलेले हे ठाणे आदल्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश अधिकारी हेन्री हॅमिल्टनने परत घेतले होते. क्लार्क कास्कास्कियाहून सुमारे 170 माणसांनिशी निघाला. त्यांतले जवळपास निम्मे फ्रेंच. अंतर सुमारे 290 किलोमीटर, वाबाश नदीला पूर. शेवटचे काही दिवस अन्न जवळजवळ नव्हतेच. गोठवणाऱ्या, खांद्यापर्यंतच्या पाण्यात माणसे बिचकली, तेव्हा क्लार्कने बंदुकीची दारू पाण्यात कालवून तोंडाला फासली, आरोळी ठोकली आणि स्वतः आधी पाण्यात उतरला. 25 फेब्रुवारीला किल्ला शरण आला. वेढ्यादरम्यान काही मूलनिवासी कैद्यांना किल्ल्यासमोर कुऱ्हाडीने ठार मारण्यात आले. विजयाच्या वर्णनांत हे अनेकदा गाळले जाते.

1783 : पॅरिस तहाने हा प्रदेश अमेरिकेकडे. तिथल्या जमातींना तहात स्थान नव्हते.

कर्ज : व्हर्जिनियासाठी केलेल्या मोहिमांची रसद स्वतःच्या सहीवर उचललेली. व्हर्जिनियाने ती रक्कम त्याच्या हयातीत पूर्णपणे फेडली नाही; सावकार मागे लागले, जमिनी गेल्या.

अखेर : 1809 मध्ये एक पाय कापावा लागला. मृत्यू 13 फेब्रुवारी 1818, लुइव्हिलजवळ. लुइस–क्लार्क मोहिमेतला (1804–06) विल्यम क्लार्क हा त्याचा धाकटा भाऊ.