लांबलचक फ्रेंच क्रियापदें आणि त्यांचा उच्चार

फ्रेंच भाषेचा अभ्यास करूं लागलेल्या मराठी विद्यार्थ्यास पहिला धाक वाटतो तो तेथील क्रियापदांच्या लांबीचा. ‘देवलॉपे’ म्हणजे विकसित करणें. या धातूचें संकेतार्थी, तृतीयपुरुषी अनेकवचनी रूप लिहावयास 15 रोमन वर्ण लागतात. परंतु उच्चारांत त्याचीं अवघीं 5 अक्षरें होतात : दे-व-लॉ-प-रे. भराभर बोलतांना तर तीनच राहतात : देव्-लॉ-प्रे.

मग बाकीचे वर्ण जातात कोठें? या रूपाच्या शेवटच्या 5 वर्णांपैकीं पहिल्या दोहोंचा मिळून उघडा ‘ए’ होतो व उरलेले तिन्ही मुके असतात. ‘ते बोलतात’ या अर्थाच्या रूपांतही शेवटचे तीन वर्ण मुके असून ऐकूं येतें तें केवळ ‘पार्ल्’. दुहेरी लिहिलेलें व्यंजनही बहुधा एकेरीच उच्चारलें जातें.

अक्षरें पाडण्याचा नियम सोपा आहे. दोन स्वरांमधील एकटें व्यंजन मागें रेंगाळत नाहीं. तें पुढच्या स्वरास जाऊन मिळतें. व्यंजनामागून ‘र’ किंवा ‘ल’ आल्यास ती जोडी सहसा फुटत नाहीं. राहिला मधला दुबळा ‘अ’. मराठींत ‘करणार’ हा शब्द चार अक्षरांनीं लिहितात, पण बोलतात ‘कर्-णार्’. तशाच रीतीनें हा ‘अ’ पॅरिसच्या बोलण्यांत गळतो. दक्षिण फ्रान्समध्यें मात्र तो पुष्कळदां स्पष्ट ऐकूं येतो. जेथें तो गाळल्यानें व्यंजनांची गर्दी होईल, तेथें तो सर्वत्र टिकतो. ‘आम्ही दाखवूं’ याचें रूप ‘मों-त्र-रों’ असेंच उच्चारावें लागतें.

ही केवळ कानाची हौस नव्हे. यांत अर्थ गुंतलेला आहे. ‘पार्-लों’ म्हणजे आम्ही बोलतों; ‘पार्-ल्यों’ म्हणजे आम्ही बोलत होतों. एक ‘य’ निसटला कीं भूतकाळाचा वर्तमानकाळ होतो. याच प्रत्ययापूर्वीं ‘द्र’सारखी जोडी आली, तर एक अक्षर वाढतें : ‘वू-द्रि-यों’, म्हणजे आम्हांस हवें होतें.

वचनाचीही तीच गोष्ट. ‘तो विकसित करील’ आणि ‘ते विकसित करतील’ हीं संकेतार्थी रूपें कानाला एकच वाटतात. क्रियापद स्वरानें सुरू झालें, तरच भेद उमटतो : ‘इ-ला-री-व्रे’ म्हणजे तो एकटा येईल, ‘इल्-जा-री-व्रे’ म्हणजे ते अनेक येतील. येथील ‘जा’ ‘बाजार’ शब्दांतल्याप्रमाणें दंत्य आहे. एक कीं अनेक, याचा निवाडा त्या एका ध्वनीवर होतो, आणि तो क्रियापदांत नसून मागील सर्वनामाकडून आलेला असतो.

म्हणून लांब रूप समोर येतांच प्रथम मुका शेवट झांकावा, मग व्यंजनें पुढील स्वरांस जोडावीं आणि सर्वनामासकट तें सावकाश म्हणावें. दुबळा ‘अ’ गाळण्याची घाई करूं नये. अक्षरें नीट पडूं लागलीं म्हणजे वेग आपोआप येतो.