चिपची ओळख कर्नेलला करून देताना

खोडदची दुर्बीण पाहायला गेलात, तर आवारात मोबाइल बंद ठेवायला सांगतात. जुन्नर तालुक्यातल्या या गावाभोवती जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. त्यांतल्या १४ मधल्या चौकात आहेत आणि १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन भुजांवर. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपते, त्यामुळे फोनचा अँटेना तिला अडचणीचा. पण त्याच फोनचा, टॅबचा किंवा काउंटरवरच्या यंत्राचा पडदासुद्धा रेडिओ लहरी सोडतो, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही.

हिशोब सोपा आहे. १९२० बाय १०८० ठिपक्यांचा पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा, तर कडेची मोकळी जागा धरून दर वेळी २२०० गुणिले ११२५ ठिपक्यांचा वेळ लागतो. म्हणजे सेकंदाला १४ कोटी ८५ लाख ठिपके, १४८.५ मेगाहर्ट्झ. एका ठिपक्याला २४ बिट धरून ते डीएसआय नावाच्या जोडणीच्या चार तारजोड्यांत वाटले, तर प्रत्येक जोडीवर सेकंदाला ८९.१ कोटी बिट धावतात आणि घड्याळाची लय पडते ४४५.५ मेगाहर्ट्झ. सुधारित जीएमआरटीचा एक पट्टा साधारण १२० ते २५० मेगाहर्ट्झचा, दुसरा २५० ते ५००चा. दोन्ही आकडे थेट दुर्बिणीच्या कानात.

या तारांच्या मध्ये बसणाऱ्या एका छोट्या चिपबद्दल हा लेख आहे. मोबाइलच्या घराण्यातला प्रोसेसर चित्र डीएसआयवर सोडतो. नारायणगावच्या बाजारातल्या काट्यावर किंवा मंचरच्या दुकानातल्या यंत्रावर असतो तसा औद्योगिक पडदा मात्र बरेचदा एलव्हीडीएस नावाच्या जुन्या, दणकट जोडणीची अपेक्षा ठेवतो. टीव्हीला एचडीएमआय लागतं. प्रोसेसरची जोडणी आणि पडद्याची जोडणी यांच्यात रूपांतर करणारी चिप म्हणजे डिस्प्ले ब्रिज. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एसएन६५डीएसआय८३ ही त्यातली एक, डीएसआय घेऊन एलव्हीडीएस देणारी. चिपोन कंपनीची आयसीएन६२११ डीएसआयवरून साधं समांतर आरजीबी काढते. तिचा लिनक्समधला ड्रायव्हर जगन टेकी या भारतीय अभियंत्याने लिहिला आहे.

आता मुख्य अडचण. यूएसबीला पेनड्राइव्ह लावला, की तो स्वतःचं नाव-गाव सांगतो. एचडीएमआय मॉनिटरही आपल्याला कोणतं चित्र झेपतं ते कळवतो. ब्रिज चिप असं काही करत नाही. ती आय-टू-सी नावाच्या दोन तारांवर बसलेली असते आणि त्या तारांवर ‘इथे कोण आहे?’ असं विचारण्याची सोयच नाही. पत्ता ठाऊक असेल तरच बोलता येतं. शिवाय चिपचा एनेबलचा पाय प्रोसेसरच्या कोणत्या पिनला डाखलाय, वीज कुठल्या रेग्युलेटरकडून येते, चारपैकी किती तारजोड्या खरोखर जोडल्यात, हे फक्त बोर्ड आखणाऱ्याला माहीत असतं. ते कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कुणीतरी लिहून द्यावं लागतं.

पूर्वी हे लेखन थेट कर्नेलच्या सी भाषेतल्या कोडमध्ये व्हायचं, प्रत्येक बोर्डाची वेगळी फाइल. एआरएम प्रोसेसरचे बोर्ड वाढत गेले तशा फाइलींचा इतका गुंता झाला, की २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीर संताप व्यक्त केला. उपाय मात्र हाताशी होता. सन आणि ॲपलच्या संगणकांतल्या ओपन फर्मवेअरमधून आलेलं डिव्हाइस ट्री, म्हणजे कोडबाहेर ठेवलेलं बोर्डाचं वर्णन, पॉवरपीसी प्रोसेसरच्या लिनक्समध्ये आधीच रुळलं होतं. योगायोग असा, की सुधारित जीएमआरटीत तबकड्यांचे संकेत अंकांत आणणाऱ्या रोच फलकांवरही पॉवरपीसी घराण्यातलाच प्रोसेसर आहे.

डिव्हाइस ट्रीमध्ये आपल्या ब्रिजची नोंद छोटी असते. आधी कंपनी आणि चिपचं ठरलेलं नाव, मग आय-टू-सीवरचा पत्ता, उदाहरणार्थ सोळाच्या पायातला २सी. मग एनेबलची पिन, विजेचा स्रोत आणि शेवटी पोर्ट. आत येणारं पोर्ट डीएसआयचं, बाहेर जाणारं पडद्याचं. प्रत्येक पोर्टाच्या टोकाला पलीकडच्या टोकाचा हवाला आणि पलीकडे इकडचा. ही दुहेरी गाठ जुळली तरच प्रोसेसर, ब्रिज आणि पडदा अशी साखळी कर्नेलला दिसते.

कोणत्या चिपच्या नोंदीत काय असायलाच हवं, हे ठरवणारा नमुना म्हणजे बाइंडिंग. त्याचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो: हार्डवेअर जसं आहे तसं लिहा, आजचा ड्रायव्हर कसा चालतो ते लिहू नका. हीच नोंद यू-बूट वाचतं, फ्रीबीएसडी वाचतं. ड्रायव्हर दर वर्षी बदलेल, बोर्डावरची तार बदलणार नाही. म्हणून एकदा स्वीकारलेला नमुना मोडत नाहीत; जुनी नोंद नव्या कर्नेलवर चालावी अशी अपेक्षा असते.

चुकलं तर काय होतं? एलव्हीडीएसमध्ये बिटांची मांडणी जेडा पद्धतीची की व्हेसा पद्धतीची, हे उलटं लिहिलं तर चित्र दिसतं पण रंग विचित्र होतात. तारजोड्यांची संख्या चुकली तर पडदा काळा. एसएन६५डीएसआय८३ला तर जागं करण्याआधी डीएसआयच्या तारा ठरावीक विश्रांत स्थितीत असाव्या लागतात. लिनक्सची नेहमीची क्रमवारी उलटी होती. ‘आधी मागच्याला तयार कर’ असं ब्रिजला सांगता यावं म्हणून २०२३ मध्ये कर्नेलमध्ये खास सोय करावी लागली. तोवर चिप शाबूत, तार शाबूत, तरीही पडदा अंधारा राहू शकत होता, आणि तक्रारीची एक ओळही नाही.

खोडदला हेच दुखणं मोठ्या मापात भेटतं. प्रत्येक तबकडीचा संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतो. काचेच्या तंतूत प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १४ किलोमीटरला ७०. कोणती तबकडी नेमकी कुठे आहे आणि तिचा संकेत किती उशिरा पोहोचतो, हे संगणकाला अचूक लिहून द्यावं लागतं. तो आकडा चुकला तर तबकडी आकाशाकडे बरोबर वळते, रिसीव्हर चालतो, पण दोन तबकड्यांचे संकेत एकमेकांशी जुळतच नाहीत. यंत्र निर्दोष आणि त्याचं वर्णन सदोष, हा बिघाड शोधायला सर्वांत कठीण. म्हणून वर्णन लिहिणाऱ्याचं काम मी ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या कामाहून कमी मानत नाही.

हे काम शिकायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. बाइंडिंग पूर्वी साध्या मजकुरात असत. आता ती यामल साच्यात लिहितात, म्हणजे संगणकच नोंद तपासू शकतो. जुनी मजकुरी बाइंडिंग नव्या साच्यात आणण्याचं काम अनेक वर्षं टप्प्याटप्प्याने चाललं आहे. आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्याला वसतिगृहात बसून यात हात घालता येईल. चिपची डेटाशीट उघडायची, पिनांचा तक्ता आणि वीज सुरू करण्याचा क्रम दोनदा वाचायचा, साचा लिहायचा, कर्नेलमधली बाइंडिंग-तपासणी चालवायची आणि पॅच ईमेलने देखभालकर्त्यांकडे पाठवायचा. पहिल्या खेपेला तो बहुधा परत येतो, एकेका ओळीखाली प्रश्न घेऊन: ही वीज ऐच्छिक आहे का, हे पोर्ट नेहमीच असतं का? उत्तर डेटाशीटच्या पानातूनच द्यावं लागतं.